आठ चिमटे

तुटलेल्या वस्तूला लगेच हात लावायचा नाही, आधी चहूबाजूंनी नुसतं बघायचं, हे त्याने नोकरीच्या सुरुवातीलाच शिकून घेतलं होतं. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की घरी कपबशी फुटली तरी तो दोन पावलं मागे सरून उभा राही आणि बायको म्हणे, पंचनामा झाला असेल तर झाडू आणा. अपघात झालेल्या गाड्या बघायच्या आणि काय तुटलं, कशामुळे तुटलं हे विमा कंपनीला सांगायचं, हा त्याचा धंदा. पण त्या सकाळी गाड्यांच्या आवारात एका लहानशा पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी तो उकिडवा बसला आणि काही कळायच्या आत त्याचा अंगठा तुटलेल्या लोखंडावरून फिरला. चाकाला गाडीशी धरून ठेवणारी खालची भुजा मधोमध तुटली होती. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंजलेला, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक रेषा. उरलेला अर्धा चकचकीत, साखरेच्या ढेकळासारखा दाणेदार. म्हणजे चीर जुनी होती. कित्येक महिने ती रोज केसभर पुढे सरकत होती, गाडीवाला रोज कामावर जात होता, गाणी लावत होता, आणि एका वळणावर उरलेलं लोखंड म्हणालं, आता पुरे. यात त्याला नवं काही नव्हतं. असली तोंडं त्याने शेकड्यांनी पाहिली होती. गाडीवाल्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं, माणूस घरी आला होता, प्रकरण तसं किरकोळ होतं. नवं होतं ते एवढंच, की या वस्तूला आपल्या घरात एक लाडकं नाव आहे हे त्याला एकाएकी आठवलं. घरी तिला चिमटा म्हणतात. तसले आठ चिमटे त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर ओळीने टांगलेले होते, त्याच्या धाकट्या बहिणीने स्वतः आखलेले, आणि येत्या सुट्टीला ती ते तिच्या गाडीला लावणार होती. त्याने अंगठा पँटला पुसला. आपला चेहरा कुणाला दिसू नये म्हणून तो उगाचच गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन शाबूत चाकाकडे बघत राहिला.

धाकटीला घरात सगळे धाकटीच म्हणत, ती चाळिशी ओलांडून गेली तरी. दवाखान्यांसाठी खाटा बनवणाऱ्या कारखान्यात ती डिझायनर होती. पाठ उचलणाऱ्या, पाय उचलणाऱ्या, कळ दाबली की माणसाला अलगद कुशीवर वळवणाऱ्या खाटा. संसार मोडल्यावर ती भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन बॅगा आणि एक ड्रॉइंग बोर्ड होता. तिने रडगाणं गायलं नाही, कुणाला गाऊ दिलं नाही. मग एकदा जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात, तिने सांगितलं की तिला गॅरेज हवंय, ती गाडी बनवणार आहे. बायकोने विचारलं, कसली गाडी. हलकी, ती म्हणाली. दोन माणसांची. चौघांनी धरली तर उचलून बाजूला ठेवता येईल अशी. आणि मग घास गिळून तिने जे सांगितलं ते त्याच्या डोक्यात घर करून राहिलं होतं. ‘वीस वर्षं मी ज्या वस्तू केल्या त्यांच्यावर माणसं आडवी पडून राहिली, दादा. एक तरी अशी करायचीय की जिच्यात बसून माणूस निघून जाईल.’ तो तेव्हा हसला होता. पण नळ्यांचा सांगाडा उभा राहिला, मोटारसायकलचं जुनं इंजिन त्यात बसलं, आणि तिथे येऊन ती थांबली. चाकं गाडीला कशी धरायची, एवढ्या एका गोष्टीपाशी ती जितकी बसली तितकी बाकी सगळ्या गाडीवर मिळूनही बसली नव्हती. प्रत्येक चाकाला दोन भुजा, एक वर, एक खाली. प्रत्येक भुजा दोन नळ्यांची, चाकाकडे एकत्र येणारी आणि गाडीकडे फाकत जाणारी. इंग्रजीत हिला विशबोन म्हणतात, कोंबडीच्या छातीतल्या बेचक्यासारख्या हाडावरून, असं तिने सांगितलं, तेव्हा बायकोने कागदावरची आकृती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, हाड कसलं, हा तर माझा चिमटा. त्या दिवसापासून ते चिमटेच.

ऑफिसात परत येऊन तो खिडकीपाशी बसला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पाण्याची टाकी घासत होतं. आपण घाबरलोय हे त्याला कळत होतं, पण ही भीती आजची की जुनी ते कळत नव्हतं. वडील बेकरीची गाडी चालवत. शाळेला सुट्टी असली की ही दोघं पुढच्या सीटवर, धाकटी त्याच्या मांडीवर, आणि गाडीभर ताज्या पावाचा गरम वास. एकदा उतारावर खालून काहीतरी कट्ट वाजलं, आणि गाडी कलंडायच्या आधी, त्या रबरासारख्या ताणलेल्या क्षणात, त्याला एक चाक दिसलं. ते त्यांच्या पुढे धावत होतं. एकटं, ताठ, मजेत, जणू त्याला कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं आणि यांच्या नादाला लागून उशीर झाला असता. कुणी दगावलं नाही. त्याचा डावा कोपर मोडला, तो हात अजून पुरता सरळ होत नाही. रस्ताभर पाव विखुरले होते आणि लोक ते धूळ झटकून गोळा करून आणून देत होते, जणू मोजून घेतले की सगळं पहिल्यासारखं होणार होतं. वडील म्हणाले, नशीब. आई म्हणाली, दृष्ट लागली. जो तो कुणाला किती लागलं ते विचारत होता. इवलीशी धाकटी मात्र दवाखान्यात त्याच्या खाटेच्या कडेवर हनुवटी टेकवून एकच धोशा लावून बसली होती, की गाडीने चाकाला कशाने धरलेलं असतं. तिला हे काही आठवत नाही. चाक पळाल्याची गोष्टही तूच रचलीस, असं ती म्हणते. चाक असं ताठ धावत नाही, दोन उड्या मारतं आणि आडवं होतं. तिचंच बरोबर असेल. पण त्या दिवसातून दोघं दोन दारांनी बाहेर पडली होती, तो तुटलेल्या वस्तूंकडे आणि ती धरून ठेवणाऱ्या वस्तूंकडे, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःशीच ओशाळला. असलं वाक्य त्याच्या रिपोर्टात साहेबांनी लाल पेनने उडवलं असतं.

घरी जाताना त्याने वाक्यं जुळवली. मोडली, पुन्हा जुळवली. हे बघ, तू हुशार आहेस. नाही, हे नको. बाकीची गाडी तू कर, पण चाकांचं काम एखाद्या कंपनीचं तयार घे. याने ती दुखावेल. मी रोज काय बघतो ते तुला माहीत नाही. हे खरं होतं. ते त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. ती रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये वाकून बसे, तो दाराशी उभा राहून काहीबाही बोले आणि जेवायला ये म्हणून परत फिरे. एवढ्या महिन्यांत त्याने एकदाही म्हटलं नव्हतं की मला भीती वाटते. भावाने असं म्हणायचं नसतं अशी त्याची काहीतरी समजूत होती. तो दार उघडून आत आला तेव्हा ती जेवणाच्या टेबलापाशी होती आणि भिंतीवर तिचं पुठ्ठ्याचं चाक होतं. ते चाक गेल्या पावसाळ्यापासून तिथेच होतं. बायकोने त्या जागी टांगलेली तसबीर उतरवून दुसरीकडे लावली होती. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, चार टाचण्या, आणि डब्याच्या झाकणाएवढं एक गोल. तिने ते पहिल्यांदा हलवून दाखवलं तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या असल्या तर वळणावर गाडी जशी झुकते तसं चाकही झुकतं, ती म्हणाली होती, आणि रबराच्या एका कडेवर उभं राहतं. वरची पट्टी आखूड केली आणि तिला जरा उतार दिला की गाडी झुकली तरी चाक रस्त्यावर सरळ उभं राहायला बघतं. तिने टाचणी काढून केसभर वर टोचली. पुन्हा हलवलं. पुन्हा काढली. भिंतीला चाळणीसारखी भोकं पडली होती. तेव्हा त्याच्या मनात आलं होतं की हिला सतार मिळाली असती तर हिने ती वाजवण्यापेक्षा लावण्यातच आयुष्य घालवलं असतं. आणि मग त्याला दिसलं होतं. पुठ्ठ्याची गाडी कलली आणि ते फालतू गोल, डब्याच्या झाकणाएवढं, एखाद्या शहाण्या माणसासारखं कलणाऱ्या गाडीच्या उलट सावरून ताठ उभं राहिलं. त्याच्या अंगावर काटा आला होता. हेही त्याने तिला सांगितलं नव्हतं.

तो बूट न काढताच टेबलापाशी बसला आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाला, आज एक चिमटा बघितला. तुटलेला. तिने पेन्सिल खाली ठेवली. कुणाला लागलं, असं कुणीही विचारलं असतं. ती म्हणाली, ‘कुठे तुटला?’

‘मधे. शॉकअप बसतो तिथे.’

‘वरून की खालून?’

त्याला डोळे मिटून आठवावं लागलं. शिंपल्याच्या रेषा कुठल्या बाजूने उमलल्या होत्या. ‘खालून. खालच्या अंगाला कुणीतरी नंतर आडवी पट्टी जोडली होती. त्या जोडाच्या कडेपासून चीर निघाली.’

ती समोरच्या कागदावर वाकली. मला भीती वाटते, हे वाक्य आता म्हणायचं, त्याला वाटलं, आत्ता, तिने मान वर करायच्या आत. बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला ते वाक्य केव्हाचं माहीत आहे. धाकटीने मान वर केली. ‘मला दाखवशील?’ ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःची भीती कुठे सापडते का ते तो शोधत राहिला. सापडली नाही. तिथे दुसरंच काहीतरी होतं, भुकेसारखं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवारात ती पांढऱ्या गाडीखाली पाठीवर सरकत गेली, चांगल्या कपड्यांनिशी. तोही शेजारी आडवा झाला, कारण उभं राहून बोलणं विचित्र वाटत होतं. तिने बॅटरी धरली आणि त्याने बोट ठेवलं. ही सुरुवात, तो म्हणाला, हा एवढासा अर्धचंद्र दिसतो ना, टाचणीच्या डोक्याएवढा, इथून. मग प्रत्येक रेषेपाशी चीर थोडी थांबलीय, बहुधा गाडी काही दिवस उभी असेल, मग पुन्हा चाल. इथे रेषा लांब लांब पडायला लागल्या, म्हणजे धातू थकला. आणि ही शेवटची फाटणी, एका झटक्यात. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे आपण आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. रिपोर्टात तो ‘धातूच्या थकव्यामुळे’ एवढं लिहितो आणि सही करतो. बायको ऐकून घेते, पण औषधांच्या दुकानात दिवसभर आजारी माणसांचं ऐकून आलेल्या बाईला आजारी लोखंडाचं काय सांगायचं. धाकटी नखाने एकेक रेष मोजत नव्हती, ती वाचत होती. ओठ हलवत, लहानपणी पहिली पुस्तकं वाचायची तशी. तिने पट्टीचा जोड बघितला, मग नळी बघितली, मग डोळे मिटून तळहाताने हवेत काहीतरी दाबून पाहिलं. चाक खालून वर ढकलतं, ती पुटपुटली, शॉकअप वरून खाली दाबतो, मधली नळी खालच्या अंगाला ताणली जाते. ताण नेमका तिथे आणि जोडही तिथेच. ती गाडीखालून बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत काचेचे बारीक तुकडे होते. परत येताना ती खिडकीबाहेर बघत बसली आणि तो गाडी चालवत होता, नेहमीपेक्षा हळू.

घरी आल्यावर तिने भिंतीवरचा खालचा एक चिमटा काढला आणि उलटा करून बाकावर ठेवला. दोन नळ्यांना खालच्या अंगाने जोडणारी एक आडवी पट्टी होती, दणके झेलणाऱ्या शॉकअपला बूड मिळावं म्हणून. पट्टीच्या कडेने वेल्डरने घातलेला जोड माशाच्या खवल्यांसारखा एकसारखा, देखणा. त्याने तो आधी किती वेळा पाहिला होता. वरून. तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, शॉकअप मधे बसवला कारण तिथे जागा होती. मग जरा थांबून, दुसऱ्याच कुणाची चूक दाखवावी तशी म्हणाली, जागा होती हे काही कारण नाही.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. तो, जो तिला थांबवायला म्हणून दोन दिवस वाक्यं जुळवत होता, तोच चिमट्यांची वकिली करायला लागला. तुझी गाडी हलकी आहे, तो म्हणाला. ती गाडी तिप्पट वजनाची होती. पट्टी नंतर जोडलेली, जोड गबाळा होता, हा किती सुरेख आहे. इतकी वर्षं कुणी चालवली तर चीर पडेल, तू काय रोज चालवणार आहेस. याला कदाचित काही होणारही नाही. त्याला त्या आठ काळ्या कुळकुळीत वस्तूंची दया येत होती. तिच्या बोटांना पडलेले घट्टे, वाया जाणाऱ्या संध्याकाळी, भिंतीची चाळण, हे सगळं त्याला आत्ता एकदम दिसत होतं. तिने त्याचं ऐकून घेतलं. ‘कदाचितवर चाक लावू, दादा?’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, थट्टाही नव्हती. खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वेल्डरला बोलावून घेतलं. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं वर्कशॉप होतं. दारात मावणार नाही असा हा गडी स्वभावाने इतका हळवा होता की कामात कुणी खोट काढली की आठवडाभर त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो आला, उलटा ठेवलेला चिमटा त्याने पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. जोडाला काही झालं का, त्याने विचारलं. धाकटी त्याच्यासमोर उभी राहिली. ‘वेल्ड उत्तम आहे. याहून चांगलं कुणाला जमणार नाही. ड्रॉइंग चुकलंय. माझं.’ एवढंच. खुलासे नाहीत, कपाळावर हात नाही, की नव्याने केलं तर कसं होईल याची सारवासारव नाही. वेल्डर तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या धंद्यात ड्रॉइंग कधी चुकत नाहीत, चुकतात ते वेल्डर. मग तो कटर घ्यायला वाकला तर ती म्हणाली, मी कापते. त्याने नुसता शिकंजा घट्ट केला. ठिणग्या उडाल्या, गॅरेजभर जळक्या रंगाचा वास भरला. पहिला चिमटा दोन तुकडे होऊन खाली पडला तेव्हा दारात उभ्या असलेल्या भावाने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती दुसरा लावत होती. या बाईला आपण लहानपणी मांडीवर घेऊन बसायचो, त्याला वाटलं, आणि आपल्याला वाटायचं की आपण तिला धरलंय.

त्यानंतरचे महिने त्याच्या आठवणीत एका लांबलचक दुपारीसारखे राहिले. शॉकअपचं बूड बाहेर, चाकाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यायचं, म्हणजे नळी वाकवायला मधे ताणच उरणार नाही, इतकं ठरलं. पण ते बाहेर नेलं तर शॉकअप वरच्या चिमट्याला आडवा येतो. म्हणजे वरच्याचे दोन पाय फाकवून शॉकअप त्यांच्यामधून जाऊ द्यायचा. म्हणजे वरचे चारही बाद. बायकोने त्यातला एक स्वयंपाकघरात नेऊन भिंतीला ठोकला आणि त्यावर ओले टॉवेल टाकायला लागली. निदान एक तरी नोकरीला लागला, ती म्हणाली. पाय फाकवले तर सांगाड्यावरचे कान, म्हणजे चिमटे अडकवायच्या भोकांच्या पट्ट्या, हलवायचे. कान हलवले तर पुठ्ठ्याच्या चाकाची सगळी गणितं पुन्हा. एक धागा ओढला की अख्खा स्वेटर उसवावा तशी ती गाडी उसवत गेली आणि धाकटी शांतपणे पुन्हा टाके घालत गेली. आणि आता ती त्याला हाक मारायची. आकृती टेबलावर पसरायची आणि विचारायची, हे कुठून तुटेल. पहिल्या वेळी तो बावचळला. मग त्याने रोज करतो तसंच केलं, हात मागे बांधून नुसतं बघितलं आणि बोट ठेवलं. इथून. तिने तिथला कोपरा गोल केला. पुन्हा विचारलं. आता इथून. तिथला जोड आडवा होता तो तिने नळीच्या कुशीवरून लांबट नेला, जिथे ना ताण ना दाब. आयुष्यभर ज्या नजरेने त्याने झालेलं नुकसान पाहिलं होतं ती नजर न झालेल्या नुकसानाकडे लावायची, याची त्याला मौज वाटायला लागली. ऑफिसातून येताना तो पायऱ्या चढायच्या आधी गॅरेजमध्ये डोकावू लागला. एकदा त्याने बोट ठेवायला जागा शोधली आणि त्याला ती सापडेना. तो बराच वेळ वाकून उभा राहिला. धाकटी त्या दिवशी लवकर झोपायला गेली.

नवे आठ चिमटे झाले आणि तिने वेल्डरकडून नववा करून घेतला. तो मोडायला. वेल्डरला हे आधी पटेना. इतका जीव लावून केलेलं मूल कुणी मुद्दाम मारतं का, तो म्हणाला. पण त्याच्याच वर्कशॉपातल्या दाब देणाऱ्या यंत्राखाली त्यांनी नववा आडवा मांडला, खरा चाकाला लावतात तसाच टोकांवर धरून, आणि तिने दांडा हाणायला सुरुवात केली. वर्कशॉपात दुसरं काम बंद होतं. गाडीच्या वजनाइतका दाब गेला, काही नाही. त्याच्या दुप्पट. तिप्पट. त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. त्याचे कान त्या जुन्या कट्ट आवाजाची वाट बघत होते, तो आवाज त्याला पाठ होता, तो जागेपणीही ऐकू येई आणि स्वप्नातही. तो आलाच नाही. त्याऐवजी नळी, अगदी हळू, एखाद्या थकलेल्या माणसाने पाठ टेकावी तशी वाकायला लागली. रंगाचे पापुद्रे सुटले. ती आणखी दांडा मारत राहिली आणि नळी आणखी वाकली, आणि जोड जिथल्या तिथे. शेवटी यंत्राची दाबण्याची चाल संपली. वाकडा झालेला चिमटा तिने उचलला, बोट फिरवलं, त्याच्या हातात दिला. गरम लागत होता. ‘हा मोडण्याआधी सांगेल,’ ती म्हणाली. ‘चाक तिरपं दिसायला लागेल, गाडी एका बाजूला ओढेल. एवढं तर माणसाला कळतं.’ वेल्डरने वर्कशॉपाच्या दारात जाऊन पाठमोरं उभं राहून नाक शिंकरलं.

त्याला त्या वाकड्या लोखंडाकडे बघताना लाज वाटली, पण ती बोचणारी नव्हती. आपल्याला वाटत होतं की हिला भीती ठाऊक नाही. हिला तुटण्याबद्दल काही माहीत नाही, म्हणून ही निर्धास्त आहे. आणि ही तर तुटणं गृहीत धरून बसली होती. कधीतरी, कुठेतरी, कुणीतरी खड्ड्यात घालेल, जास्त वजन भरेल, दुर्लक्ष करेल, हे धरून ती विचार करत होती की तेव्हा त्या माणसाला सावध व्हायला थोडा अवधी कसा द्यायचा. आपण नुसते घाबरलो. हिने भीतीचं काहीतरी केलं. तो वर्कशॉपाबाहेर आला. रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, लहान, मोठ्या, भरलेल्या, रिकाम्या, आणि प्रत्येकीच्या पोटाखाली, कुणाला न दिसता, असले चार-आठ हात चाकांना धरून वरखाली होत होते. कुणीतरी, कुठल्यातरी टेबलापाशी बसून, ते आखले असतील. इतक्या वर्षांत हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

गाडी पहिल्यांदा चालली ती तिच्या कारखान्याच्या मागच्या मोकळ्या आवारात, सुट्टीच्या सकाळी. अजून तिला पत्रा नव्हता, नुसत्या नळ्या, दोन सीटा आणि उघडी चाकं. धाकटीने आधी एकटीने चार फेऱ्या मारल्या. पाचव्या वेळी तिने त्याच्यापुढे येऊन गाडी उभी केली आणि शेजारची सीट हाताने झटकली. बायकोने त्याच्या हातातला डबा काढून घेतला. तो बसला. गाडी निघाली आणि त्याचं लक्ष ना रस्त्याकडे ना तिच्याकडे, ते आपलं डाव्या पुढच्या चाकाकडे. हाताच्या अंतरावर ते चाक उघडं फिरत होतं, आणि त्याला धरलेले दोन चिमटे, वरचा आखूड आणि खालचा लांब, श्वास घेतल्यासारखे हलत होते. सिमेंटच्या सांध्यांवरून जाताना झरझर, खडीवरून बारीक थरथर. तिने वळण घेतलं तशी गाडी कलली आणि चाक, ते शहाणं चाक, जमिनीवर ताठ उभं राहिलं. कारखान्याच्या गेटापाशी एक उंचवटा होता, त्यावरून तिने मुद्दाम नेली. चाक एखाद्या मांजरासारखं वर चढून खाली उतरलं, आणि वरच्या माणसांपर्यंत त्यातली एक मऊ कुजबुज तेवढी पोचली. दादा, पुढे बघ, मान दुखेल, ती म्हणाली. तो बघतोय म्हणाला आणि चाकाकडेच बघत राहिला.

बऱ्याच फेऱ्या झाल्यावर तिने गाडी सावलीत आणून उभी केली. ती खूश दिसत नव्हती. मागचं डावं किंचित कडक वाटतंय, ती म्हणाली, आणि हातमोजे काढले. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, आता तू खाली जाऊन बघ. तुझ्या कामावर बघतोस तसं. बहिणीची गाडी म्हणून नको. कुणा अनोळखी माणसाची समज आणि काय चुकलंय ते सांग. बायकोने एक जुनी चादर अंथरली. तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला, वाकडा कोपर सांभाळत. इंजिन तापलेलं होतं, तेलाचा आणि गरम रबराचा वास होता. त्याने पुढच्या डाव्यापासून सुरुवात केली. जोडांच्या कडा. नळीचं खालचं अंग. कानांची भोकं. रंगात कुठे केसाएवढी रेष. मग उजवा. मग मागचे. तो नियमाने बघत गेला, एकेक, आणि बघून संपल्यावर, कुठेच काही न सापडता, पुन्हा पहिल्यापाशी आला. खालच्या चिमट्यावर मातीचा पातळ थर बसला होता आणि त्यातून उन्हाची एक तिरीप जात होती. दोन नळ्या किती सहज एकमेकींकडे येत होत्या. त्याने आजवर असल्या वस्तू फक्त मेल्यावर पाहिल्या होत्या. जिवंत वस्तूखाली, ती नुकती धावून येऊन दम खात असताना, तो कधी असा निजला नव्हता. त्याने हात लावला नाही. आधी नुसतं बघायचं.

बाजूला तिचे पाय दिसत होते, एक बूट दुसऱ्यावर घासत होते. ‘काय सापडलं?’ ती म्हणाली. आवाज कोरडा होता. म्हणजे तीही घाबरली होती तर, त्याला वाटलं, पहिल्यापासून.

‘थांब,’ तो म्हणाला. ‘अजून बघतोय.’

बघून कधीचंच झालं होतं.